घंगाळातला शनी

गेल्या वर्षी मी आमच्या घंगाळाचा पोचा काढून आणला. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा, असं मी म्हणते तेव्हा लोक माझ्याकडे बघतच राहतात. पोचा काढणं हा काय मूर्खपणा झाला? पण त्या पोच्यात शनी होता. माझ्या सुनेने कितीतरी शनिवार खपून तो शोधून काढला होता, आणि मी तो तांबटाकडून ठोकून सपाट केला, वर चिंचेने घासून लख्ख करून घरी आणला.

हे करणारी बाई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. आता मी बहात्तरची आहे, त्यामुळे तिला नावं ठेवायचा मला पूर्ण अधिकार आहे. स्वतःला फार हुशार समजायची. दाराला कान लावायची. पण तिच्याहूनही मूर्ख अशी आणखी एक होती, ती म्हणजे तेवीस वर्षांची मी. आधी तिची गोष्ट सांगायला हवी, कारण पोचा तिने पाडला.

तेव्हा आम्ही द्वारका चौकाजवळ भाड्याच्या माडीवर राहायचो. घंगाळ सासूबाईंच्या माहेरचं. तांब्याचं, दोन कड्यांचं, आंघोळीचं पाणी काढायचं. एका रविवारी मला आणि ह्यांना सिनेमाला जायचं होतं. तिकिटं ह्यांच्या खिशात, मी केसात गजरा माळलेला, आणि सासूबाई म्हणाल्या, "जा की. तेवढं घंगाळ घासून जा." मी घासलं. त्या म्हणाल्या, "कडीखाली हिरवं राहिलंय." कडीखाली घासलं. त्या म्हणाल्या, "आणि बुडाला?" मी घंगाळ उचललं, जिन्याच्या तोंडाशी नेलं आणि दिलं सोडून. सतरा दगडी पायऱ्या. खाली जाईपर्यंत त्याने असा काही आवाज केला की रस्त्यावरच्या टांगेवाल्याने टांगा थांबवला.

सासूबाई बाहेर आल्या. तेवीस वर्षांची ती शहाणी म्हणाली, "मांजर होतं."

आमच्या माडीवर येणारं मांजर एकच. महिन्याभराचं पिल्लू, तळहातावर मावेल एवढं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मांजर." मग त्या होत्या तोवर, म्हणजे पुढची सव्वीस वर्षं, आंघोळीला बसायच्या आधी त्या पोच्यावरून एकदा हात फिरवायच्या आणि दारातून माझ्याकडे बघायच्या. मीही मांजर सोडलं नाही. ह्यांना मांजर सांगितलं, मुलाला सांगितलं, सून घरात आली तिला सांगितलं, नातीला तर लहानपणी मिशा-शेपटीसकट करून दाखवलं. दरवेळी ते थोडं थोडं मोठं होत गेलं. नातीपर्यंत त्याचा चांगला बोका झाला होता.

आता आम्ही सातपूरला राहतो. खाली मी, वर मुलगा-सून. सून एका कारखान्यात तपासणीला आहे. लोखंडाचे ओतीव भाग येतात, ते टांगायचे आणि छोट्या हातोडीने वाजवायचे. चांगला असेल तो घुमतो, आत तडा असेल तर आवाज बसका येतो. इतकी वर्षं ती हेच करते, आणि तिचा कान असा तयार झालाय की बाजारात कलिंगडवालेसुद्धा तिला घाबरतात. तिची सुट्टी शनिवारी. मुलगा शनिवारी कामावर, नात पुण्याला कॉलेजात. म्हणजे शनिवारी घरात आम्ही दोघीच.

तर एका शनिवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "आई, मी जरा वर आहे," आणि वर जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने एक आवाज यायला लागला. ऊंऽऽऽ असा. थांबेचना. मला वाटलं, फ्रीज. फ्रीज बंद करून पाहिला. पाण्याची मोटर पाहिली. मग जिना चढून दाराला कान लावला, तर आवाज आतून. माणसाचा म्हणावा तर माणसाचा नाही, यंत्राचा म्हणावा तर यंत्राचा नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काय चाललंय गं?"

आवाज थांबला. "काही नाही आई. काम करतेय जरा."

"कसलं?"

"कारखान्याचं."

कारखान्याचं काम सुट्टीच्या दिवशी घरी आणून करेल इतकी माया असलेला माणूस मी सातपूरला राहून अजून पाहिलेला नाही. त्या दिवसापासून मी पाळत ठेवली. पुढच्या शनिवारी ती वर जाताना बादलीभर पाणी घेऊन गेली. वर नळ असताना. त्याच्या पुढच्या शनिवारी दार जरा उघडं राहिलं, तेव्हा दिसलं की खिडकीवर माझी गोधडी टांगलीय. टेबलावर माझं लाटणं, आणि त्याच्या टोकाला मुलाचा पायमोजा घालून वर दोरा गुंडाळलेला. मी दोन दिवस विचार केला. लाटण्याला पायमोजा कशासाठी घालतात? चांगल्या कामासाठी घालत असतील असं काही सुचेना.

मग मी माळ्यावर पाहिलं. स्टुलावर चढून, हे मुलाला सांगू नका. पितळेची परात नव्हती. ताम्हण नव्हतं. घंगाळ नव्हतं.

"माळ्यावरची भांडी कुठे गेली गं?"

"वर घेतलीत आई, घासायला."

तीन आठवडे घासायला घेतलेली आणि एकदाही न घासलेली भांडी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सोमवारी ती कामावर गेल्यावर मी वर गेले. भांडी कोपऱ्यात ओळीने मांडलेली. टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्याजवळ तिच्या हातचा कागद. चंद्र, त्यापुढे परात. शुक्र, ताम्हण. मंगळ, लोखंडी कढई. असं करत करत सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: शनी, घंगाळ, अर्धं पाणी, पोच्याजवळ.

मी तिथेच पलंगावर टेकले. ग्रह, तांबं-पितळ, पाणी, शनिवार, बंद दार. आणखी काय पाहिजे? सुनेला कुणीतरी बुवा भेटला होता आणि आमच्या घरात चोरून ग्रहांची शांत चालली होती! आता त्या कागदावर युरेनस आणि नेपच्यून हेही होते, आणि राहू-केतूचा पत्ता नव्हता. एकाहत्तर वर्षांच्या त्या अतिशहाणीने ते वाचलं. वाचून तिला काय वाटावं? बुवा नवीन दिसतो, शिकलेला असेल.

शेजारणीला विचारलं, तर तिने भरच घातली. "माझ्या चुलत नणंदेच्या जावेचं असंच झालं होतं. आधी भांडी गेली, मग सोनं गेलं, मग ती गेली."

"गेली म्हणजे?"

"हरसूलच्या पुढे डोंगरात. मठात भाकऱ्या थापते आता. एमए झालेली बाई!"

नातीला फोन केला. ती आधी हसली, मग एकदम हसायची थांबली. "आजी, मला माहितीये, पण मी सांगणार नाही. आईने शपथ घातलीय."

"मला सांगायचं नाही अशी?"

"तुलाच सांगायचं नाही अशी."

माझी खात्री पटली. घरच्या मोठ्या माणसांना कळू द्यायचं नाही, ही कुठल्याही बुवाची पहिली अट असते. मुलाला सांगावं तर तो आईचं नेहमीचं म्हणून सोडून देणार. मी रात्रभर एकच शब्द घोळवत बसले, तो म्हणजे 'पोच्याजवळ'. पोच्याजवळ काय? बुवाला त्या पोच्यात दोष दिसला असणार. दोष दिसला, म्हणजे तो कुणामुळे आला तेही दिसणार. बुवा खोटा असेल तर सून जाणार. खरा असेल तर माझं मांजर उघडं पडणार.

म्हणून मी पोचाच नाहीसा करायचं ठरवलं. पुरावा नाही तर दोष नाही. मंगळवारी सून कामावर गेल्यावर घंगाळ जुन्या साडीत बांधलं, रिक्षा केली आणि निघाले. द्वारकेला नेहमीसारखी गर्दी. गाड्या हलेनात. रिक्षावाला आरशातून माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत होता. "आजी, लग्नाचं आहे का काही?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" त्या आठवड्यात माझा कुणावरच विश्वास नव्हता.

द्वारकेच्या पलीकडे एक म्हातारा तांबट बसतो. त्याने घंगाळ हातात घेतलं, फिरवलं, नखाने टिचकी मारली आणि कानाशी धरलं. पुन्हा टिचकी मारली.

"पोचा राहू द्या की आजी."

"का बरं?"

"लय गोड बोलतंय. इकडून वाजवलं की एक सूर, पोच्याकडून वाजवलं की दुसरा. दोन्ही मिळून फिरत राहतात, ऐका." त्याने वाजवून दाखवलं. मला काय त्याचं! मला वाटलं, याला काम नकोय.

"तुम्ही काढा."

"काढल्यावर गप होईल हं ते."

"गप झालं तर बरंच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, सासूबाई बघायच्या तसंच, आणि घंगाळ लोखंडी खुंट्यावर उपडं घातलं. पंधरा मिनिटांत सासूबाईंची सव्वीस वर्षांची नजर सपाट झाली. घरी येऊन मी ते चिंचेने घासलं. कडीखाली घासलं, बुडाला घासलं, आणि जागच्या जागी ठेवून दिलं. सून चार दिवस त्या कोपऱ्याकडे फिरकलीच नाही.

शनिवारी जेवण झालं, ती वर गेली, दार लागलं. मी जिन्याखाली उभी. वरून आवाज आला, "टण." स्वच्छ, कोरडा. जरा वेळाने पुन्हा, "टण." मग बराच वेळ काहीच नाही. मग दार आपण होऊन उघडलं.

"आई, घंगाळाला कुणी हात लावला?"

खोटं कशाला सांगू, मांजर माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण आमच्याकडे आता मांजर येत नाही, खिडक्यांना जाळ्या आहेत. तेव्हा मी उलट आवाज चढवला. "आधी तू सांग, तो बुवा कोण?"

"कोण बुवा?"

"नेपच्यूनवाला!"

ती पायरीवर बसली. मला वाटलं, आता रडेल, कबूल होईल. ती उठली आणि म्हणाली, "वर या."

वर नेऊन तिने मला खुर्चीत बसवलं आणि कानांवर ते मोठे हेडफोन चढवले. "चंद्र," ती म्हणाली, आणि बटण दाबलं. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, बिघडलंय. मग फार लांबून काहीतरी जवळ यायला लागलं. येतच राहिलं. गाणं नाही, शब्द नाहीत, ठेका नाही. संपेल असं वाटायचं आणि त्याच्याच पोटातून दुसरं निघायचं. मी एक हेडफोन वर उचलला.

"हे काय आहे?"

"अल्बम आहे आई. याला अँबियंट म्हणतात. भांडी वाजवायची, तो आवाज कॉम्प्युटरवर खूप ताणायचा, एकावर एक ठेवायचा. अंतराळातून जातोय असं वाटायला हवं."

"यात गाणं कधी सुरू होतं?"

"होत नाही."

माझा संशय काही सहजासहजी जाणारा नाही. मी म्हटलं, "आम्हाला शाळेत शिकवलंय, पोकळीत आवाज जात नाही. मग तू हा आणलास कुठून?"

"नाहीच जात," ती म्हणाली. "म्हणून तर केलं. तिथलं कुणीच ऐकलेलं नाही. त्यामुळे माझं चुकलं असं कुणी म्हणू शकत नाही."

मी हेडफोन परत खाली ओढला. आणि त्या लांबच लांब आवाजात मला एकदम माझी परात ओळखू आली. कणीक मळताना ओट्यावर टेकली की ती असं हूं करते, पण एवढंसं. इथे ते हूं आभाळाएवढं झालं होतं. शुक्रात ताम्हण होतं, तेही ओळखलं. मंगळात कढई खरवडली होती. सात ग्रह झाले. आठव्याला काही नव्हतं.

तिने फोनवर एक तुकडा ऐकवला. घंगाळाचा आवाज, दोन सुरांचा, एकमेकांभोवती फिरणारा, आणि मागे शेजारच्या बोअरवेलची घरघर. "ही चाचणी होती. यावरून काही होणार नाही. सगळा अल्बम या आवाजाकडे जातो, आई. बाकी सात त्याच्यासाठीच केले. नीट रेकॉर्डिंग आज करणार होते." मग तिने लाटणं उचललं आणि घंगाळावर टेकवलं. टण.

"मला आधी सांगायचं होतंस ना गं!"

तिने लाटण्याचा दोरा नीट केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी ओट्याशी गुणगुणत होते. तुम्ही बाहेरून म्हणालात, 'अगं, कुकर उतरव, शिट्टी झाली.'"

मला आठवलं. न आठवायला काय झालं, तो विनोद मी पुढे कितीतरी जणींना सांगितला होता आणि दरवेळी हशा मिळवला होता. त्यानंतर सून या घरात कधी गुणगुणली नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. शांत सून मिळाली म्हणून मी मिरवत होते.

पुढचा आठवडा ती माझ्याशी इतकी नीट वागली की मला भीती वाटायला लागली. "हो आई." "ठेवते आई." "औषध घेतलंत का आई?" बुधवारी भांडी माळ्यावर परत गेली, जुन्या चादरीत गुंडाळून. खिडकीवरची गोधडी घडी होऊन माझ्या पलंगावर आली. गुरुवारी नातीचा फोन. "आजी, आई म्हणते अल्बम राहू दे. बंद केलं म्हणते सगळं. तू काय केलंस?" आयुष्यात पहिल्यांदा नातीला सांगायला माझ्याकडे गोष्ट नव्हती.

शनिवार आला. जेवणं झाली. सून वर गेली, पण दार लावलं नाही. लावायचं कारणच उरलं नव्हतं. मी स्टूल घेतलं, माळ्यावरून घंगाळ काढलं आणि एकेक पायरी चढत वर आले. वरच्या पायरीवर उभी राहिले आणि हाक मारली.

"अगं ए, बाहेर ये. तुझं ते रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन ये."

ती बाहेर आली आणि घाबरलीच. "आई! खाली ठेवा ते, कंबर जाईल!"

"मांजर नव्हतं," मी म्हटलं.

"काय?"

"द्वारकेला. मांजर नव्हतं. मी टाकलं होतं. सिनेमाला उशीर होत होता."

ती माझ्याकडे पाहत राहिली. ती बघते तेव्हा वाटतं, आता टिचकी मारून कान लावेल आणि तडा कुठे आहे ते सांगेल. माझे हात भरून आले होते, पण मी घंगाळ खाली ठेवलं नाही. मग ती आत गेली. यंत्र घेऊन आली, माझ्या बाजूने अंग चोरून खाली उतरली, गोधडीची घडी जिन्याच्या तळाशी ठेवली, त्यावर यंत्र ठेवलं. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि हात वर केला, कारखान्यात माल सोडायला सांगताना करतात तसा.

हात खाली आला. मी सोडलं.

इथल्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या, आणि चौदाच. पण घंगाळ तेच. एकेका पायरीवर आपटत, कडीवर उलटत, शेवटी दारापर्यंत गडगडत जाऊन चपलांच्या स्टँडला धडकलं आणि तिथेच भोवऱ्यासारखं फिरत राहिलं. फिरत राहिलं. आम्ही दोघी हललो नाही. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "काय झालं हो? पडलात का?"

घंगाळ थांबल्यावर सून त्याच्यापाशी उकिडवी बसली. एक पोचा काठाला, एक पोटाला. तिने त्यावरून हात फिरवला. ओट्यावरचं लाटणं आणून, पायमोजा चढवून, हलकेच टेकवलं आणि डोळे मिटून कान खाली नेला. मी वर कठडा धरून उभी. माझ्यापर्यंत काही येईना. मला संशयच आला, की आता ती नेहमीसारखं गोड बोलून मला वाटेला लावणार. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग मान वर करून म्हणाली:

"तो आवाज नाही हा, आई. पण याचा शनी होईल. आणि शेजारच्यांनी विचारलं, तर मांजर होतं."